कॉल फुकट झाला, तरी आपण व्हॉट्सॲपवरच का बोलतो? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांनी लिहा)

सेकंड_गेट_टिळकवाडी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे. व्हॉट्सॲप आपल्याकडे पसरलं तेव्हा जो तो एकच कारण सांगायचा, फुकट आहे. ते खरंही होतं. पण आता नेहमीच्या बहुतेक रिचार्जवर कॉल अमर्याद, वर रोजचे 100 एसएमएस. म्हणजे फुकटाचं कारण केव्हाच संपलं. तरी माझ्या एसएमएसच्या पेटीत ओटीपी, बँक आणि कर्ज घ्या कर्ज घ्या म्हणणाऱ्या जाहिराती सोडल्या तर जिवंत माणसाचा एक मेसेज सापडत नाही. दूधवाला, भिशी, मुलाची शाळा, गल्लीचं गणेशोत्सव मंडळ, "पाणी सुटलं" सांगणारा ग्रुप, सगळं व्हॉट्सॲपवर. सख्खा भाऊ अनगोळात राहतो, तोसुद्धा आधी मेसेज टाकतो, "फोन करू काय?"

"सवय" हे उत्तर चालणार नाही. सवय लागली कशी ते सांगा. पुण्या-मुंबईचं नको, आपल्या भागातलं सांगा. आणि सीमाप्रश्नावर घसरू नका, त्यासाठी ढिगाने धागे पडलेत.

कोगनोळी_नाका

सीमाप्रश्नावर नको म्हणता, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतंय, काय करू?

माझं सासर निपाणी, माहेर गडहिंग्लज. 1956 साली राज्यांची रेघ ओढली गेली आणि पुढे मोबाईल आले तेव्हा टेलिकॉम सर्कलही त्याच रेघेवर पडली. निपाणी, बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. म्हणजे निपाणीहून बिदरला फोन लोकल आणि अर्ध्या तासावरच्या कागलला एसटीडी! आमच्याकडं निम्मी सोयरीक पलीकडची. मुली तिकडून येतात, इकडून जातात. कंपन्यांच्या नकाशात ते कुठं बसणार?

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की फोन थरथरायचा, रोमिंग सुरू. येणारा कॉल घेतला तरी पैसे. सासरे तर फोन हातात घेऊन बसायचे आणि घंटी वाजली की कापायचे. आमची मिस कॉलची भाषा ठरलेली होती. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, लागोपाठ दोन म्हणजे लँडलाइनवर फोन कर. हद्दीला चिकटून असलेल्या गावांत तर घरात बसल्या बसल्या पलीकडचा टॉवर पकडायचा आणि चुलीपुढं रोमिंग लागायचं.

2015 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) रोमिंगमधल्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला 45 पैशांवर आणली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं ते रोमिंगशिवायच, मग 2017 च्या एप्रिलपासून एअरटेलनेही देशातलं रोमिंग काढून टाकलं. पण तोवर आमचा "माहेरवाशिणी" ग्रुप चांगला मुरला होता. समोरची कुठल्या राज्यात आहे याच्याशी नेट पॅकला देणंघेणं नव्हतं, एवढंच आम्हाला पुरेसं होतं. रोमिंग गेल्यावर आम्ही काही ग्रुप मोडून परत एकेकीला फोन करत बसणार होतो काय?

जाता जाता : जुलै 2015 पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्ट करून नेता येतो. त्यामुळे हल्लीच्या सुना माहेरचा नंबर ठेवतात. आम्हाला लग्नाबरोबर सिमही बदलावं लागलं.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

फाउंड्रीत मशीनच्या आवाजात कॉल ऐकूच येत नाही. मेसेज दिसतो. आमच्यासाठी विषय इथं संपला.

सेकंड_गेट_टिळकवाडी

@कोगनोळी_नाका, हे मी पार विसरलो होतो. गोव्याला भाजी घेऊन जाणारे आमच्या ओळखीचे टेम्पोवाले दोन-दोन सिम बाळगायचे, चोर्ला घाट उतरला की सिम बदलायचं.

पण हे तरी पुन्हा पैशाचंच कारण झालं. पैशाचं कारण नसेल तर दुसरं काय?

मलप्रभेकाठची_बाई

मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्या मते खरं कारण माइकचं बटण आहे, म्हणजे व्हॉइस मेसेज. 2013 मध्ये तो आला तेव्हा शहरातल्या लोकांना गंमत वाटली असेल, आमच्याकडे त्याने घरं जोडली.

पालकांचा एक नमुना सांगते, असे कितीतरी आहेत. घरात बोलायला मराठी. आजी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेली, ती देवनागरी सावकाश वाचते. मुलगा कन्नड माध्यमातून शिकला आणि आता बंगळूरला कंपनीत आहे. तो मराठी आजीसारखीच बोलतो, पण देवनागरीशी त्याची ओळख शाळेतल्या हिंदीच्या तासापुरती, त्यामुळे चार ओळी वाचताना अडखळतो. नात इंग्रजी माध्यमात, ती मराठी लिहिते ती रोमन अक्षरात, "kay karulalas" असं (देवनागरीत लिहायचं तर "काय करूलालास"). एका घरात तीन लिप्या. आजीने लिहिलेलं नात वाचत नाही, नातीने लिहिलेलं आजीला वाचता येत नाही आणि मुलगा दोघींच्या मध्ये. यांनी एकमेकांना एसएमएस कसा पाठवायचा?

आजी माइक दाबून ठेवते आणि बोलते, "तांदळाची भाकरी करूलालो, तू कधी येऊलालास?" तो कामावर असेल तर जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. दोनदा ऐकतो. त्याला वेळ मिळेल तेव्हा उत्तर देतो. इथं ना लिपी लागते, ना दोघांची वेळ जुळावी लागते.

आता तुम्ही म्हणाल की बोलायचंच तर कॉल का नाही. कॉलसाठी दोघेही एकाच वेळी रेंजमध्ये लागतात. कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात, भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर ती चैन नाही. पावसाळ्यात लाइट गेली की गेली, मग टॉवरची बॅटरी उतरली की तोही मुका. मेसेजचं तसं नसतं. समोरच्याला रेंज नसेल तर एक टिक दिसते आणि मेसेज सर्व्हरवर वाट बघत थांबतो, 30 दिवसांपर्यंत. माणूस बाजाराला खानापुरात उतरला की त्याच्या खिशात टिंग टिंग सुरू. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळेला सुट्टी दिल्याचं पालकांना कळवायचं तर मी एकेकाला कॉल करत बसत नाही. ग्रुपवर आदेशाचा फोटो टाकते आणि खाली माझ्या आवाजात मराठीत सांगते, कारण आदेश कन्नडमध्ये असतो.

हे शेवटचंही लक्षात घ्या. हेस्कॉमची (वीज कंपनीची) नोटीस, पंचायतीचं पत्र, तलाठ्याकडचा कागद, काहीही कन्नडमध्ये आलं की आमचे लोक फोटो काढतात आणि कन्नड वाचणाऱ्या भाच्याला पाठवतात, "यात काय लिवलंय सांग बाबा." पाच मिनिटांत आवाजात उत्तर येतं. फोन करून कागद वाचून दाखवता येत नाही, कारण वाचताच येत नाही, अडचण तीच आहे.

गणपत_गल्ली_गीक

बाईंच्या मुद्द्याला तांत्रिक जोड. एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं बसतात. देवनागरी किंवा कन्नड लिहिलं की ती मर्यादा 70 वर येते, कारण युनिकोडमध्ये अक्षराला जागा जास्त लागते. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. "गणपतीला या" एवढ्यालाच दहा जातात. निरोप जरा लांबला की दोन-तीन एसएमएस कापले जायचे. म्हणजे मातृभाषेत लिहिणाऱ्याला एसएमएस दुपटीहून महाग. म्हणून तर आपण सगळे रोमनमध्ये "Diwalichya hardik shubhechha" लिहायला शिकलो.

आणि दिवाळीवरून आठवलं. ब्लॅकआउट डे! दिवाळी, 31 डिसेंबर अशा दिवशी एसएमएस पॅक चालायचा नाही, पूर्ण दराने पैसे. वरून 2011 मध्ये जाहिरातींचा सुळसुळाट थांबवायला ट्रायने एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसचीच मर्यादा घातली, नंतर ती 200 केली. पुढच्या वर्षी दिल्ली हायकोर्टाने सामान्य ग्राहकांपुरती ती उठवली. पण नेमक्या त्याच काळात स्वस्त स्मार्टफोन येत होते. एसएमएस आपल्या मरणाने मेला नाही, त्याला ढकललं.

शहापूर_माग

आमचा साडीचा धंदा. पूर्वी व्यापारी फोनवर ऑर्डर द्यायचा, "राणी कलर, हिरवा काठ, पन्नास नग." माल गेला की म्हणायचा हा राणी न्हवं, हा वांगी. आता तो मागच्या साडीचा फोटो टाकतो, वर बोटाने गोल करतो, "असा काठ". एक व्यापारी हैदराबादकडचा आहे. त्याला मराठी येत नाही, मला तेलुगू. फोटो आणि आकडा यावर आमचा व्यवहार मजेत चाललाय.

दुसरं म्हणजे शब्द फिरवता येत नाही. "तुमीच टाकलेला फोटो वर बघा की" म्हटलं की भांडण मिटतं. फोनवरच्या बोलण्याला साक्षीदार कोण?

2018 मध्ये दुकानदारांसाठी वेगळं बिझनेस ॲप काढलंय, त्यात मालाची यादी लावता येते. पोराने लावून दिलंय. पण खरा माल खपतो तो स्टेटसवर. सकाळी नवीन डिझाइन स्टेटसला टाकायचं, दुपारपर्यंत चार बायका विचारतात.

एक सांगून ठेवतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून माल सोडू नका. बँकेत जमा दिसले तरच. खोटे स्क्रीनशॉट बनवणारे लई झालेत.

माजी_सैनिक_हिंडलगा

सगळ्यांचं वाचलं. मला पटलं नाही.

आम्ही राजस्थानात असताना आंतर्देशीय पत्रावर घर चालवलं. मग एसटीडी बूथ आले, रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून थंडीत रांगेत उभे राहायचो. तीन मिनिटं बोलणं व्हायचं, त्यात बायको एक मिनिट नुसती रडायची. पण ते बोलणं असायचं. आता मुलगा त्याच हुद्द्यावर आहे, दिवसभर ऑनलाइन दिसतो आणि मला अंगठा पाठवतो. मी विचारतो "जेवलास काय?" तर अंगठा. "सुट्टी कधी?" तर हात जोडलेले. हे कसलं बोलणं?

आणि निळी टिक. 2014 मध्ये ती आली तेव्हापासून घराघरात नवीन भांडण. वाचलं तर उत्तर का दिलं नाही, मुद्दाम नाही दिलं, मोठे झालात. पत्र पोचलं की नाही हे कळायला आठ दिवस लागायचे तेव्हा कुणी रुसत नव्हतं.

सगळ्यात वाईट सांगतो. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या जाण्याची बातमी मला ग्रुपवर कळली. वर कुणाचा तरी सुप्रभात, गुलाबाचं फूल, खाली दोन ओळी आणि त्याच्याखाली लोकांचे भावपूर्ण श्रद्धांजली कॉपी करून टाकलेले. आमच्यात निरोप घेऊन माणूस यायचा. दारात उभं राहायचा, पाणीसुद्धा न घेता सांगायचा आणि पुढच्या गावाला जायचा.

कोगनोळी_नाका

काका, तुमचं दुःख समजतं. पण दुसरी बाजू ऐका. माझी आत्या चंदगडकडच्या खेड्यात गेली. निरोप्या निपाणीला पोचून आम्ही निघेपर्यंत माती झाली असती. ग्रुपवर पहाटे आलं, "माती अकरा वाजता", आम्ही पोचलो. दोन राज्यांत विखुरलेल्या भावकीला तासाभरात कळवायचं दुसरं साधन मला दाखवा. रक्षाविसर्जन कधी, कुठं, तेही तिथंच येतं. पूर्वी "आमाला कळवलंच नाही" म्हणून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद असायचं, ते तरी कमी झालं.

सुप्रभातच्या गुलाबाबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे.

मारुती_गल्ली_कट्टा

भांडणं कमी झाली म्हणता? आमच्या भावकीच्या ग्रुपचे दोन ग्रुप झालेत. दुसऱ्याचं नाव "खरी भावकी".

माजी_सैनिक_हिंडलगा

@कोगनोळी_नाका, मातीला पोचलात हे बरं झालं. ते मान्य. तरी ज्याच्या घरचं आहे त्याला निदान फोन करावा, आणि मग ग्रुपवर टाकावं. एवढीच माझी मागणी आहे.

मलप्रभेकाठची_बाई

हे आमच्या गावात पाळतात. जवळच्यांना फोन, बाकीच्यांना ग्रुप. प्रत्येक घराने आपापलं ठरवलं पाहिजे, ॲप ते सांगणार नाही.

चिकोडी_रोड

अफवांबद्दल कुणी बोललं नाही. दोन्हीकडचं वातावरण तापलं की पहिल्यांदा बस बंद होतात आणि त्याच्याही आधी मेसेज सुरू होतात. "कोगनोळीला बस अडवल्या", "निपाणी बंद", कुठल्या तरी जुन्या जाळपोळीचा व्हिडिओ. कॉलेजची पोरं कोल्हापुरात अडकलेली, आईबाप इकडे हवालदिल. जुलै 2018 पासून भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो, तो नियमच अशा अफवांमुळे जीव गेल्यावर आला. पण आपल्याकडे एकेक ग्रुपच पाचशे-सातशे माणसांचा. काय उपयोग?

गंमत अशी की त्याच दिवशी खरी बातमीही तिथंच मिळते. आमच्या रोज ये-जा करणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी स्टँडवरून फोटो टाकतो, "आत्ता 8:40 ची सुटली". फोटोवर घड्याळ असेल तरच विश्वास ठेवायचा, असा आमचा नियम आहे.

मारुती_गल्ली_कट्टा

ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं तर ॲडमिनला धरतात काय? मी तीन ग्रुपचा ॲडमिन आहे, झोप लागत नाही.

गणपत_गल्ली_गीक

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात हेतू किंवा संगनमत दिसलं पाहिजे. फक्त आपलं हायकोर्ट धारवाडला बसतं, नागपूरला नाही, हे ध्यानात असू दे. :) सरळ उपाय करा, तापलेल्या दिवसांत "फक्त ॲडमिन पाठवू शकतात" लावून टाका.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

मग सगळे व्हॉट्सॲपच का? टेलिग्राम आहे, सिग्नल आहे, आता आपल्या झोहोचं अरट्टई आहे.

गणपत_गल्ली_गीक

कारण तुमची आत्या तिथं नाही.

सविस्तर सांगायचं तर : जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेचं नवं धोरण पुढे केलं तेव्हा अर्धी गल्ली सिग्नलवर गेली होती. तिथं जाऊन एकमेकांना "हाय, आलास काय?" केलं आणि आठवड्यात परत आली, कारण दूधवाला, शाळा, भावकी कुणीच आलं नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये अरट्टईचंही तेच. मी स्वतः घेतलंय, त्यावर माझ्याशी बोलतो तो फक्त माझा आतेभाऊ, आणि तो माझ्या शेजारीच बसतो. संभाषणाची कुलूपबंद सुरक्षा व्हॉट्सॲपवरही 2016 पासून आहेच, त्यामुळे सामान्य माणसाला हलायला मोठं कारण उरत नाही. टेलिग्राम आपल्याकडे केपीएससीची (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या पोरांचं, नोट्सच्या पीडीएफसाठी.

एकाच टोपलीत सगळं ठेवल्याचा तोटाही आहे. 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवा. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा तास बंद. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमाराला गेलं ते पहाटेच आलं.

शहापूर_माग

त्या रात्री मी नेटवालं डबडं चारदा बंद-चालू केलं. शेवटी पोराने वरच्या खोलीतून साधा फोन करून सांगितलं, सगळीकडंच बंद हाय म्हणून.

सेकंड_गेट_टिळकवाडी

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला माइकच्या बटणात मिळालं, बाईंचे आभार. आता एक कामाचा प्रश्न. आई येळ्ळूरला एकटी असते. साधा फोन वापरते, वाचायला चष्मा लावायचा कंटाळा. तिला स्मार्टफोन देतोय. काय काय करून देऊ? डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून भीती वाटते.

मलप्रभेकाठची_बाई

तीन चॅट सगळ्यात वर पिन करा आणि त्या प्रत्येकाला आपापल्या प्रोफाइलला चेहऱ्याचा मोठा फोटो लावायला सांगा. फोटो बघून बरोबर दाबतात. माइक धरून ठेवायला बोट थरथरत असेल तर तो वर सरकवला की कुलूप लागतं, मग निवांत बोलता येतं. पहिल्या आठवड्यात कुठल्याही ग्रुपमध्ये घालू नका.

गणपत_गल्ली_गीक

सेटिंगमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथं "माझे संपर्क" ठेवा. दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि तो पिन तुमच्याकडे लिहून ठेवा. आईकडून एकच गोष्ट पाठ करून घ्या : सहा आकडी नंबर मेसेजमध्ये आला आणि कुणी मागितला, तर मागणारा स्वतःचा मुलगा असला तरी द्यायचा नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत हेही सांगा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन.

माजी_सैनिक_हिंडलगा

आणि येळ्ळूर काही लांब नाही. रविवारी जात जा.

सेकंड_गेट_टिळकवाडी

जातो की काका. दर रविवारी जातो. फोन तिनेच मागितलाय, शेजारणीकडं आहे म्हणून.